जामीन झाला, गोळ्यांचं काय?

भाच्याचा जामीन मंजूर झाला तेव्हा वकिलांनी माझ्या हातात कागदांची यादी दिली. जामीनदाराचं आधार, रेशनकार्ड, सातबारा, तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला, फोटो. मी उभी हयात एसटीत कंडक्टरकी केली आहे. कागद जमवायचे म्हटलं की मला उलट हुरूप येतो. ऐपतीच्या दाखल्याला वेळ लागणार होता, म्हणून वकिलांनी आधी तात्पुरता रोख जामीन मागून घेतला. पैसे भरले, पावती घेतली. सगळं रीतसर झालं. पोरगं क्षयाच्या गोळ्यांवर आहे आणि त्याला लहानपणापासून फिट येतात, हे वकिलांना माहीत होतं. जामिनाच्या अर्जात त्यांनी ते लिहिलंही होतं, कारण कोर्टाला ते सांगणं फायद्याचं असतं. जामीन झाल्यावर त्या ओळीचं काम संपलं.

हे लिहितोय ते एवढ्यासाठी की आमच्यासारखी घरं बरीच आहेत. देशभरच्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस पावणेसहा लाखांच्या आसपास माणसं होती आणि त्यातली चारातली तीन कच्चे कैदी, म्हणजे निकाल न लागलेली. पक्क्या कैद्याची सुटकेची तारीख जेलला आधीपासून ठाऊक असते. कच्च्याचं तसं नाही. दुपारी कोर्टात हुकूम होतो आणि सगळं जुळून आलं तर माणूस रात्री रस्त्यावर. त्याची औषधं, फाईल, पुढचा दवाखाना यांची जुळवाजुळव करायला मधे वेळच नसतो. ती जुळवाजुळव माणूस आत आला त्याच दिवशी सुरू व्हायला हवी, असं माझं मत झालं आहे.

केस मारामारीची. २०२३ च्या सुरुवातीला अटक झाली. खरंखोटं कोर्ट ठरवेल, मी त्यात पडत नाही. अडीच वर्षं तो मुंबईच्या बाजूच्या एका जेलमध्ये होता. आम्ही नाशिक जिल्ह्यातले. मुलाकातीला जायचं म्हणजे पहाटेची गाडी, आणि परत यायला रात्र. यंदा होळीच्या सुमारास जेलमध्ये तपासणीचं शिबिर झालं. एचआयव्ही, कावीळ, गुप्तरोग आणि टीबी अशा सगळ्या तपासण्या एकदम करतात, सरकारची तशी मोहीमच आहे. त्यात याचा एक्स-रे वाईट आला, मग थुंकीची मशीनवरची तपासणी झाली आणि टीबी निघाला. उपचार लगेच सुरू झाले, हे आवर्जून सांगतो. रोज सकाळी समोर उभं करून गोळ्या गिळायला लावायचे. फिटसाठी सरकारी रुग्णालयात नेऊन मेंदूच्या डॉक्टरांनाही दाखवलं आणि गोळी बदलून आणली. बाहेर असता तर त्याने एवढं केलं असतं की नाही, देव जाणे. ताई, म्हणजे त्याची आई, तर म्हणायचीसुद्धा, "आत आहे म्हणून गोळ्या तरी वेळेवर घेतोय."

सुटका आषाढी एकादशीनंतरच्या आठवड्यात झाली. जामिनाचा हुकूम जेलला ईमेलने त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पोचला पाहिजे, असा सुप्रीम कोर्टाचा ३१ जानेवारी २०२३ चा आदेश आहे. तरी आमचे वकील म्हणाले, कागद हातानेही नेऊन द्या. दिला. संध्याकाळी फाटकापाशी आमच्यासारखेच वीस-पंचवीस जण उभे होते. जो बाहेर यायचा त्याच्याकडे सगळे एकदम बघायचे आणि आपला नाही म्हटल्यावर पुन्हा चहाच्या टपरीकडे वळायचे. आमचा आला तेव्हा अंधार पडला होता. हातात कापडी पिशवी. त्यात दोन कपडे, एक चादर आणि वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या.

"फाईल?" मी विचारलं.

"मागितली, मामा. दवाखाना बंद झाला म्हणाले. उद्या येऊन घेऊन जा म्हणाले."

उद्या येऊन. नाशिक जिल्ह्यातून. ज्या फाटकातून माणूस नुकताच सुटलाय, त्याच फाटकावर दुसऱ्या दिवशी परत जाऊन "माझी फाईल द्या" म्हणायचं. तो तर नको म्हणून हातच जोडायला लागला. मग आम्ही गाडी पकडली.

घरी आल्यावर पट्ट्या मांडून बघितल्या. टीबीच्या चार-पाच दिवसांच्या, फिटच्या त्याहून कमी. ताईने तोवर कपाटातून अटकेच्या आधीची फिटची चिठ्ठी काढून ठेवली होती, मेडिकलमधून तीच गोळी आणू म्हणून. मी म्हटलं, थांब, आत गोळी बदललीय म्हणतो ना. नंतर सिव्हिलमधल्या डॉक्टरांनी त्याचं कारण सांगितलं. जुनी गोळी फेनिटॉइन होती. टीबीच्या औषधांतलं आयसोनियाझिड तिचं रक्तातलं प्रमाण वाढवतं आणि रिफॅम्पिसिन कमी करतं. दोन्हींची अशी ओढाताण चालू असली की डोस कधी अंगावर येईल आणि कधी पुरणार नाही, सांगता येत नाही. म्हणून मेंदूच्या डॉक्टरांनी लेव्हेटिरासिटाम नावाची गोळी लावली होती. ही सगळी अक्कल त्या फाईलमध्ये लिहिलेली होती आणि फाईल जेलमध्ये होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथल्या सिस्टरनी पहिला प्रश्न विचारला, "निक्षय आयडी काय?" टीबीच्या प्रत्येक पेशंटची देशभर एकाच संगणकावर नोंद होते, तिचं नाव निक्षय. आयडी असला की पेशंटची सगळी कुंडली उघडते. आमच्याकडे आयडी नव्हता. मग नावाने शोधा म्हटलं. नावाने सापडेना. मोबाईल नंबरने शोधा. कुठला नंबर? आत असताना त्याच्याकडे मोबाईल कुठला! नोंद करणाऱ्याने कोणाचा तरी टाकला असणार. शेवटी कळलं ते असं की, पोलिसांनी एफआयआरमध्ये नाव टोपणनावासकट, 'ऊर्फ' लावून लिहिलं होतं. तेच आरोपपत्रात गेलं, तेच जेलच्या रजिस्टरात आणि तेच निक्षयमध्ये. पत्ता जेलचा, नाव पोलिसांनी ठेवलेलं.

इथे मला तालुक्याच्या टीबी युनिटचे सुपरवायझर भेटले. त्यांच्यासारखी माणसं सरकारी नोकरीत आहेत म्हणून गाडा चालतो. त्यांनी आधी पट्टी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली. पहिले दोन महिने गोळीत चार औषधं असतात, नंतरचे चार महिने तीन. या पट्टीवर तीनच नावं होती. म्हणजे पहिला टप्पा संपलाय. होळीला सुरू केलं म्हणतो, ते जुळतंय. "काका, कोर्स मोडायचा नाही. आयडी सापडेल तेव्हा सापडेल," म्हणाले आणि वजन करून त्याच वजनगटातल्या पट्ट्या काढून दिल्या. नवीन नोंद करून पहिल्यापासून सुरू करू या, असंही एकजण तिथे सुचवत होता. सुपरवायझर त्याच्यावर उखडलेच. एका माणसाच्या दोन नोंदी झाल्या की जुनी नोंद 'उपचार सोडले' म्हणून बंद पडते आणि पोरगं सरकारी हिशोबात औषधं अर्धवट टाकणारं ठरतं. कोर्स १६८ डोसांचा. त्यातले शंभराच्या वर झालेले. ते कोणी आणि का पुसायचे?

मग त्यांनी जेल ज्या भागात येतं तिथल्या टीबी युनिटला फोन लावला. पेशंटची नोंद तिकडून पाठवायची आणि इकडून स्वीकारायची, अशी पद्धत आहे. तिकडचे म्हणाले, आम्हाला पेशंट सुटल्याचं कळवलेलंच नाही, तो अजून आतच दिसतोय. संगणकाच्या मते भाचा बराकीतच होता. फोनवर फोन झाले. जेलच्या दवाखान्यात कोणीतरी रजिस्टर बघितलं, सुटकेची तारीख सांगितली, आणि एकदाची नोंद आमच्या तालुक्यात आली. नोंद आल्यावर समजलं की दुसऱ्या महिन्याच्या शेवटची थुंकी तपासणी झाली होती आणि ती निगेटिव्ह होती. ताईने हे ऐकून तिथेच हात जोडले. घरात तिची दोन नातवंडं आहेत, माझ्या दुसऱ्या भाच्याची, आणि तोवर तिने याचं ताट-वाटी वेगळं ठेवलं होतं. सुपरवायझर म्हणाले ताटाने टीबी होत नाही. तरी घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, ती व्हायलाच हवी असते. फॉर्मवर 'पेशंटसोबत राहणारे' असा रकाना आहे. भाचा म्हणाला, गेली अडीच वर्षं सोबत राहणारे म्हणजे आमची बराक. तेवढ्या ओळी फॉर्मवर नव्हत्या.

आता पैशाची गोष्ट.

टीबीच्या पेशंटला पोषणासाठी केंद्र सरकार पैसे देतं. निक्षय पोषण योजना २०१८ पासून आहे. आधी महिन्याला ५०० रुपये होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. सहा महिन्यांच्या कोर्सला ३,००० चे दोन हप्ते, पहिला निदान झाल्यावर आणि दुसरा ८४ दिवस झाल्यावर. पैसे थेट बँक खात्यात. भाच्याचे दोन्ही हप्ते देय झालेले होते आणि एकही मिळालेला नव्हता, कारण नोंदीत बँक खातंच नव्हतं. आत असताना कोण पासबुक घेऊन जातं?

खातं होतं, पण अडीच वर्षांत त्यात एक व्यवहार नाही. दोन वर्षं हालचाल नसली की बँक खातं निष्क्रिय करते. ते चालू करायला केवायसी. केवायसीला आधार. आधारकार्ड अटकेच्या दिवशी अंगझडतीत पाकिटासकट पोलिसांनी घेतलं आणि ते मुद्देमालात गेलं. परत हवं तर कोर्टात अर्ज. बरं, कार्ड नसलं तर नसलं, मोबाईलवरून नवीन उतरवून घेऊ म्हटलं, तर त्याला आधारशी जोडलेल्या नंबरावर ओटीपी येतो. तो नंबर रिचार्ज न केल्यामुळे केव्हाच बंद होऊन दुसऱ्या कोणाला दिलेला. आम्ही फोन करून बघितला. कोणीतरी बाई बोलल्या, त्यांना वाटलं आम्हीच फसवणारे. सारखा ओटीपी मागतोय म्हटल्यावर त्यांचं तरी काय चुकलं!

शेवटी आधार केंद्रावर अंगठा देऊन नवीन नंबर जोडला, तेव्हा ५० रुपये शुल्क होतं. तो जोडला जाईपर्यंत थांबलो. मग पोस्टातल्या बाबूंनी सुचवलं की जुन्या खात्याच्या मागे लागू नका, पोस्ट पेमेंट्स बँकेचं नवीन खातं अंगठ्यावर उघडतं. पोस्टमन घरीच आला, छोटं यंत्र घेऊन. खातं उघडलं, टीबी युनिटने ते नोंदीत टाकलं, आणि पैसे आले तेव्हा श्रावण संपत आला होता. जे पैसे अंडी-दूध-डाळीसाठी औषधाच्या पहिल्या महिन्यात मिळायचे, ते पाचवा महिना सरताना मिळाले. मिळाले हे खरं. एक रुपया कोणी मागितला नाही, हेही खरं.

लोक मला विचारतात, फुले योजनेत का नाही बसवलं? महात्मा जोतिराव फुले योजना आता राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण ती दवाखान्यात भरती होऊन करायच्या ठरलेल्या उपचारांसाठी. रोजच्या रोज घ्यायच्या गोळीसाठी नाही. भाच्याला फिट येऊन डोकं फुटलं असतं आणि मेंदूची शस्त्रक्रिया लागली असती, तर सरकारने हजारोंनी पैसे मोजले असते. फिट येऊ नये म्हणून लागणाऱ्या गोळीसाठी मात्र आपणच रांगेत उभं राहायचं.

ती रांग जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये लागली. तिथे १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे पडत नाहीत, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सगळे उपचार मोफत आहेत. ओपीडीतले डॉक्टर तरुण होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गोळीचं नाव पट्टीवर आहे, पण डोस किती चालला होता? कधीपासून? शेवटची फिट कधी आली? ईईजी केला का?" भाच्याला डोस सांगता येईना, कारण आत गोळी हातात द्यायचे, पट्टी नाही. सकाळी एक, रात्री एक, पांढरी, एवढंच त्याला माहीत. डॉक्टरांनी तेवढ्यावर अंदाजाने डोस लिहिला आणि फाईल आणायला सांगितलं. ती गोळी त्या दिवशी सिव्हिलच्या खिडकीवर नव्हती. बाहेर जनऔषधी केंद्रात मिळाली, स्वस्तात मिळाली, तरी ती विकतच.

तेव्हा मी फाईलच्या मागे लागलो. कंडक्टरला एक सवय असते, वेबिल, म्हणजे तिकिटांचा हिशोब, जुळल्याशिवाय झोप येत नाही.

जेलच्या अधीक्षकांना अर्ज केला, स्पीडपोस्टने आणि ईमेलने. त्यात लिहिलं की पेशंटने मागितल्यावर डॉक्टरने ७२ तासांत वैद्यकीय कागद द्यायचे, असा मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियम आहे. उत्तर आलं की, सुटलेल्या इसमाने ओळखपत्रासह समक्ष हजर राहून घेऊन जावे. ओळखपत्र मुद्देमालात! दुसरा अर्ज माहिती अधिकाराचा, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. एखाद्याच्या जीविताचा प्रश्न असेल तर माहिती ४८ तासांत द्यावी लागते, ते कलम लाल शाईने लिहिलं. शिवाय १५१०० ला फोन केला. हा विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक आहे, फुकट कायदेशीर मदतीचा. लोकांना वाटतं तिथे फक्त वकील मिळतो. मला तिथून जेलमध्ये जाणाऱ्या एका कार्यकर्तीचा पत्ता लागला. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. तिने दोन दिवसांत जेलच्या दवाखान्यातून तीन पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. सहीशिक्क्याच्या प्रती पोस्टाने बऱ्याच नंतर आल्या. डोस डॉक्टरांनी अंदाजाने लिहिला होता त्यापेक्षा जास्त होता. त्याच दिवशी वाढवून घेतला.

त्या कार्यकर्तीशी फोनवर बरंच बोलणं झालं. तिने मला जुन्या तुरुंग कायद्याबद्दल सांगितलं, १८९४ चा. त्याच्या २६ व्या कलमात लिहिलंय की गंभीर आजारी कैद्याला त्याच्या इच्छेविरुद्ध सोडायचं नाही, आणि सोडणं सुरक्षित आहे असं वैद्यकीय अधिकाऱ्याला वाटेपर्यंत थांबायचं. इंग्रजांनी ते लिहिलं, कदाचित साथ बाहेर जाऊ नये म्हणून असेल. मला विचाराल तर जामीन झालेल्या पोराला औषधासाठी एक रात्रही आत ठेवू नये. पण सुटकेच्या कागदावर डॉक्टरची सही हवी, आणि ती सही करताना डॉक्टरने पेशंटच्या हातात एक पान द्यावं, निदान, गोळी, डोस, पुढचा दवाखाना, निक्षय आयडी, एवढं. हे करायला नवीन योजना लागत नाही. पैसेही लागत नाहीत. गरीब कैद्यांना जामिनाच्या रकमेसाठी मदत करणारी केंद्राची योजना २०२३ पासून आहे. तिच्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यात समिती आहे, समितीत जिल्हाधिकारी आहेत. माणूस बाहेर काढायला सरकार एवढं करतं, आणि मग त्याला फाटकाबाहेर वर्तमानपत्राच्या पुडीसकट उभं करतं.

माझी मुलगी पुण्यात औषध कंपनीत आहे. तिला हे सगळं सांगितल्यावर तिने अमेरिकेतली माहिती काढून पाठवली. तिकडे गरिबांच्या उपचाराचा खर्च मेडिकेड नावाची योजना करते, पण १९६५ पासून नियम असा की माणूस तुरुंगात असेपर्यंत केंद्राचा तो पैसा बंद, रुग्णालयात भरती झाला तरच काय तो अपवाद. सुटल्यावर पुन्हा सुरू करायला वेळ जायचा आणि तेवढ्यात माणसं मरायची. वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास झाला, २००७ साली छापून आला. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मरणाचा धोका इतरांच्या जवळपास १३ पट होता, त्यात सर्वांत जास्त नशेच्या अतिडोसाने. मग जानेवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाला पहिल्यांदा परवानगी मिळाली की सुटकेच्या आधीच्या ९० दिवसांपासून हा पैसा आत वापरा, सुटकेनंतर त्याच्या उपचारांची जुळवाजुळव बघणारा माणूस नेमा, आणि जाताना महिनाभराची औषधं हातात द्या. मुलगी म्हणाली, बाबा, आपल्याकडे असं हवं.

मी तिला म्हटलं, अगं, आपल्याकडचं दुखणं वेगळं आहे. तिकडे पैसा फाटकाशी थांबत होता. इथे टीबीची गोळी आत फुकट, बाहेरही फुकट, पोषणाचा पैसा आतल्यालाही लागू, बाहेरच्यालाही लागू, सिव्हिल मोफत. दोन्हीकडच्या गाड्या वेळेवर सुटतायत, मधली जोडगाडी कोणाच्याच वेळापत्रकात नाही. गृहखात्याचं काम फाटकाच्या आत संपतं आणि आरोग्यखात्याचं काम पेशंट दारात येऊन उभा राहिला की सुरू होतं. मधल्या रस्त्यावर त्याला पोचवणं हे कुणाच्या कामाच्या यादीत लिहिलेलं नाही. आमच्या बाबतीत ते एका निवृत्त कंडक्टरने केलं. ज्याला मामा नाही त्याचं काय, याचं उत्तर टीबी युनिटच्या सुपरवायझरांनी दिलं. म्हणाले, "ते येतच नाहीत, काका. सहा-आठ महिन्यांनी पुन्हा खोकत येतात, तेव्हा साध्या गोळ्या चालत नाहीत."

गावात काय सांगायचं, हा आणखी एक भाग. जेलातून आला हे सगळ्यांना माहीत होतं, त्यावर टीबी आहे हे कळलं तर लग्नाचं विसरा. आशाताई मोठी समजूतदार निघाली. ती गोळ्या बघायला यायची ती ताईच्या बीपीचं निमित्त करून. कोर्स पूर्ण करून घेतल्यावर तिला सरकारकडून १,००० रुपये मानधन मिळतं. सहा महिने एखाद्याच्या मागे लागण्याचे ते पैसे म्हणजे काहीच नाहीत. निक्षय मित्र, म्हणजे टीबीच्या पेशंटला स्वतःहून मदत करणारा, म्हणून गावातल्या एका पुढाऱ्याने धान्याचा किट द्यायची तयारी दाखवली, पण किट देतानाचा फोटो हवा होता. भाचा म्हणाला, माझे फोटो पोलिसांनी भरपूर काढलेत. आम्ही किट घेतला नाही. डाळ-शेंगदाणे घरचे होते, त्यावर भागलं.

त्याला स्वतःला काय वाटत होतं, हे मी फारसं विचारलं नाही. एकदा मात्र तोच म्हणाला, "मामा, आत गोळी घ्यायची आठवण ठेवावी लागत नव्हती. नाव पुकारायचे. इथे कोण पुकारत नाही." मग ताईने भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज खूण करायला सुरुवात केली. खूण करायच्या आधी ती त्याला मोठ्याने हाक मारते, पूर्ण नावाने, आडनावासकट.

कोर्स सप्टेंबरमध्ये संपला. शेवटची थुंकी निगेटिव्ह. नोंदीत 'बरा झाला' असं आलं, तेही 'ऊर्फ' सकट, कारण नाव दुरुस्त करायला आधार आणि जुनी नोंद जुळावी लागते आणि ते काम अजून चालू आहे. मुद्देमालातलं पाकीट परत मिळावं म्हणून वकिलांनी अर्ज टाकलाय. फिटची गोळी चालूच राहणार. टीबीची औषधं थांबली आहेत तेव्हा जुन्या गोळीवर परत जायचं की हीच ठेवायची, हे ठरवायला सिव्हिलच्या डॉक्टरांनी दिवाळीनंतर बोलावलंय.

त्याच आठवड्यात कोर्टाचीही तारीख आहे, साक्षी सुरू होतील. निकाल काय लागेल कोणाला माहीत. विरोधात गेला तर तो पुन्हा आत जाईल, आणि तेव्हा बाहेरची फाईल आत न्यावी लागेल. म्हणून मी सगळ्या कागदांच्या झेरॉक्स काढून तीन संच केलेत. एक घरी, एक वकिलांकडे. तिसरा तारखेला जाताना त्याच्या पिशवीत असतो, वर मोठ्या अक्षरात गोळीचं नाव आणि डोस लिहिलेला.